धागा: एआय एजंटला बिल्डचा खरा निकाल कसा कळवावा? पाइपलाइनवर नजर ठेवणाऱ्या साधनाविषयी

मांजराकाठ (लातूर):

आडत व्यापाऱ्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर आम्ही लातुरात बनवतो. आमचा कोड गिटहबवर आहे, एका ग्राहकाचा भाग त्यांच्याच मशीनवरच्या गिटलॅबमध्ये, आणि वाळूजच्या एका कारखान्याचं काम जेनकिन्सवर चालतं. आता कोड लिहायला एआय एजंट लावलेत. एजंट बदल करतो, पुश करतो. पुढं पाइपलाइन (पुशनंतर कोड बांधून टेस्ट चालवणारी आपोआप साखळी) हिरवी म्हणजे पास झाली की लाल म्हणजे नापास, हे त्याला स्वतःला कळायला पाहिजे. लाल झाली तर कशामुळं, हेही.

सध्या एजंटला टर्मिनलवरून गिटहबच्या आज्ञा चालवू दिल्यात. त्यात तीन अडचणी दिसायल्यात. तो दर काही सेकंदाला स्थिती विचारतो आणि दर वेळी अख्खं जेसन वाचतो, मॉडेलचे टोकन (मजकूर मोजायचं एकक) नुसते जळतात. पुश केल्या केल्या विचारलं तर आधीच्या कमिटचा हिरवा निकाल उचलतो आणि काम झालं म्हणून मोकळा होतो. आणि लॉग मागितला की हजारो ओळी येतात, मूळ चूक मधेच कुठंतरी राहते.

म्हणून तिन्ही सिस्टिमवर एकसारखं चालणारं छोटं साधन लिहायचंय. विचारायचं असं की साधनानं एजंटला नेमकं काय परत द्यावं? पोलिंग (आपणच पुन्हा पुन्हा विचारणं) बरं की वेबहुक (सिस्टिमनं स्वतः कळवणं)? आणि बिल्ड पुन्हा चालवायचा अधिकार त्याच्या हातात द्यावा का?

सिडको_एन७ (छत्रपती संभाजीनगर):

सगळ्यात आधी, "मेन ब्रँचची स्थिती काय?" हा प्रश्न साधनात ठेवूच नका. प्रश्न कायम कमिटच्या पूर्ण ४० अक्षरी हॅशवर (त्याच्या ओळखखुणेवर) विचारायचा आणि उत्तरातही तोच हॅश परत द्यायचा. तुमची दुसरी अडचण इथंच संपते. पुश आणि रन (पाइपलाइनचा एक फेरा) तयार होणं यात काही सेकंदांची फट असते. त्या फटीत ब्रँचवर विचारलं की जुना रन येतो. हॅशवर विचारलं तर रिकामी यादी येते, आणि रिकाम्या यादीचा अर्थ "अजून रन दिसत नाही" एवढाच घ्यायचा. मी ९० सेकंदांची मुभा ठेवतो. तेवढ्यात रन दिसला नाही तर साधन "रन सुरूच झालेला नाही" हा वेगळा निकाल देतं.

निकालांचे प्रकार मोजके ठेवा: हिरवा, लाल, चालू, माणसाची वाट बघतोय, बाद, सुरू नाही, अज्ञात. एजंटला मूळ सिस्टिमचे शब्द दाखवायची गरज नाही. गिटहबवर स्टेटस आणि कन्क्लूजन ही दोन वेगळी खानी आहेत. स्टेटस "कम्प्लीटेड" होईपर्यंत कन्क्लूजन वाचायचंच नाही. मग "सक्सेस" हिरवा. "फेल्युअर", "टाइम्ड आउट" आणि वर्कफ्लोची (पाइपलाइनच्या पायऱ्यांची) फाइलच चुकलेली असेल तर येणारं "स्टार्टअप फेल्युअर", हे सगळे लाल. स्टेटस "वेटिंग" किंवा कन्क्लूजन "ॲक्शन रिक्वायर्ड" आलं तर कुणीतरी मंजुरी द्यायची बाकी आहे. एजंटनं तिथं थांबून माणसाला सांगायचं.

"कॅन्सल्ड" जपून घ्या. एजंट पाठोपाठ दोन पुश करतो. वर्कफ्लोत कॉन्करन्सी लावून जुना रन रद्द करायची सोय केलेली असेल तर पहिला रन आपोआप मरतो. त्याला लाल म्हटलं की एजंट नसलेली चूक शोधत बसतो. ब्रँचवर त्याहून नवा कमिट असेल तर "बाद, नव्या हॅशवर बघा" असं सांगा.

आणि जे समजलं नाही ते हिरवं कधीच धरायचं नाही. नेटवर्क तुटलं, प्रवेशाच्या टोकनची (पासवर्डसारख्या किल्लीची) मुदत संपली, नवीनच शब्द आला, सगळ्याला "अज्ञात". हिरवा फक्त स्पष्ट हिरव्यालाच.

गोदातीर (नांदेड):

सिडकोदादांचं बरोबर आहे. गिटहबच्या बाबतीत आणखी काही खड्डे आहेत, ते साधन लिहितानाच बुजवून घ्या.

गिटहबवर कमिटला दोन वेगळ्या व्यवस्थांमधून खुणा लागतात: जुन्या कमिट स्टेटस आणि नंतर आलेले चेक रन. गिटहब ॲक्शन्स (गिटहबची स्वतःची पाइपलाइन) चेक रन लिहितं. कमिट स्टेटसचा "एकत्रित" पत्ता फक्त जुन्या व्यवस्थेकडं बघतो, आणि तिथं एकही नोंद नसली तर उत्तर "पेंडिंग" येतं. म्हणजे नुसतं ॲक्शन्स वापरणाऱ्या रेपोत तो पत्ता विचारला तर बिल्ड होऊन दोन दिवस झाले तरी पेंडिंगच. बाहेरची एखादी सेवा अजून जुन्याच पद्धतीनं खूण लावत असेल तर दोन्ही वाचावं लागतं.

दुसरं, पानं. जॉबची यादी मुळात ३० च्या पानानं येते, जास्तीत जास्त १०० मागता येतात. एका रनमध्ये मॅट्रिक्समधून (एकच जॉब वेगवेगळ्या जोड्यांवर चालवायची सोय) २५६ पर्यंत जॉब निघू शकतात. पहिलंच पान वाचून "सगळे हिरवे" म्हणणारी साधनं पुष्कळ आहेत, आणि लाल जॉब असतो एकतिसावा.

"रन सुरू नाही" या निकालाबरोबर कारणांचा अंदाजही द्या, एजंटला त्याचा फार उपयोग होतो. पुल रिक्वेस्टमध्ये मर्ज कॉन्फ्लिक्ट असेल तर पुल रिक्वेस्टवर चालणारे वर्कफ्लो सुरूच होत नाहीत. कमिटच्या संदेशात चौकटी कंसात "स्किप सीआय" आलं तरी नाही. जुन्या कमिटचे संदेश एकत्र करताना एजंट ते शब्द उचलून आणतात. पाथ फिल्टरमुळं (ठरावीक फाइली बदलल्या तरच चालवायची अट) वर्कफ्लो वगळला गेला आणि तो चेक आवश्यक यादीत असला, तर तो कायम पेंडिंग दिसतो. आणि एजंट स्वतःच ॲक्शन्सच्या आत चालत असेल, तिथं आपोआप मिळणाऱ्या गिटहब टोकननं पुश करत असेल, तर त्या पुशनं नवीन रन होतच नाही. रनमधून रन अशी न संपणारी साखळी लागू नये म्हणून गिटहबनं ते मुद्दाम अडवलंय. त्यासाठी गिटहब ॲपचं किंवा वैयक्तिक टोकन वेगळं घ्यावं लागतं.

मांजराकाठ:

ताई, शेवटचा मुद्दा आमच्या फार कामाचा आहे, धन्यवाद. आता थांबायचं कसं ते सांगा. गिटहबच्या कमांड लाइनमध्ये "रन वॉच" आहे, तेच साधनात गुंडाळलं तर?

पैठणवाट:

पोलिंग सोडा आणि वेबहुक लावा, माझं स्पष्ट मत. वर्कफ्लो रनची घटना पूर्ण झाली की गिटहब स्वतः कळवतं. आलेल्या मजकुराची सही एचमॅक शा-२५६ नं तपासायची, १० सेकंदांच्या आत उत्तर द्यायचं, आणि खरं काम रांगेत टाकून मागाहून करायचं. प्रत्येक डिलिव्हरीला स्वतंत्र ओळख क्रमांक असतो, तो साठवला की एकच घटना दोनदा मोजली जात नाही. एजंट दहा असोत की पन्नास, विनंत्यांची मर्यादा आड येत नाही.

वाळूज_गेट:

पैठणवाट साहेब, मोठ्या टीमला तुमचं पटतं. पण धागाकर्त्यांचं ऑफिस लातुरात, साध्या ब्रॉडबँडवर. अशा जोडणीला बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, सेवादाराच्या नॅटमागं (अनेक ग्राहकांना मिळून एकच आयपी) असतं. बाहेरून वेबहुक आत येणार कसा? त्यासाठी क्लाउडवर एक मशीन किंवा बोगदा कायम चालू ठेवायचा. शिवाय वेबहुक पोचला नाही तर गिटहब तो आपोआप पुन्हा पाठवत नाही. दुपारी वीज गेली, तेवढ्यात बिल्ड संपला, की ती घटना गेली. पडताळणीसाठी पोलिंग लिहावंच लागतं. मग आधी तेवढंच नीट लिहा.

आता हिशेब. गिटहबची मर्यादा लॉगिन केलेल्या वापरकर्त्याला तासाला ५,००० विनंत्या, लॉगिन नसेल तर ६०, आणि ॲक्शन्सच्या आतल्या टोकनला प्रत्येक रेपोमागं तासाला १,०००. "रन वॉच" मुळात दर ३ सेकंदाला ताजं होतं. फेरीला एकच विनंती धरली तरी एका एजंटच्या तासाला १,२०० होतात. पाच एजंट एकाच टोकनवर असले की ६,०००, म्हणजे तास भरायच्या आत दार बंद. १५ सेकंदांचं अंतर ठेवलं तर एजंटमागं २४०.

त्यातही ईटॅग (उत्तराच्या आवृत्तीची खूण) वापरा. मागच्या उत्तराचा ईटॅग पुढच्या विनंतीत पाठवला आणि काही बदललेलं नसलं तर ३०४ ("बदल नाही") येतं. विनंतीत टोकन बरोबर असेल तर ते ३०४ मुख्य मर्यादेत मोजलं जात नाही. बिल्ड चालू असताना बऱ्याच फेऱ्या अशाच निघून जातात. ४०३ किंवा ४२९ (विनंती नाकारली) आलं तर हेडरमध्ये "रिट्राय आफ्टर" बघा आणि तेवढं थांबा. उरलेल्या विनंत्या शून्य दाखवत असतील तर रीसेटची वेळ दुसऱ्या हेडरमध्ये असते. दोन्ही नसेल तर निदान एक मिनिट थांबा. लगेच पुन्हा मारा करणारं साधन आपल्याच टोकनवर बंदी ओढवून घेतं.

पैठणवाट:

नॅटचा मुद्दा मान्य. ज्यांच्याकडं क्लाउडवर मशीन आधीच आहे त्यांनी वेबहुक लावावा आणि जोडीला पाच-दहा मिनिटांनी एक पडताळणीची फेरी ठेवावी. बाकीच्यांनी ईटॅगसह पोलिंग. घटना उलटसुलट क्रमानं येऊ शकतात, तेवढं मात्र लक्षात असू द्या. "पूर्ण" नंतर "चालू" आलं म्हणून निकाल मागं नेऊ नका.

सिडको_एन७:

थांबण्याबद्दल माझी जोड. वाट बघण्याचं काम मॉडेलकडं ठेवू नका, ते साधनाच्या आत व्हायला हवं. मॉडेलनं एकदा "या हॅशचा निकाल लागेपर्यंत थांब" म्हणायचं, आतल्या पन्नास फेऱ्या त्याच्या कानावरसुद्धा जायला नकोत. मॉडेलच्या टोकनची खरी बचत इथं होते.

फक्त एमसीपीमधून (एजंटला साधनं जोडायचा प्रोटोकॉल) देणार असाल तर वेळेची मर्यादा सांभाळा. एमसीपीच्या टाइपस्क्रिप्ट एसडीकेत विनंतीची मूळ मर्यादा ६० सेकंद आहे. तुमचा बिल्ड १२ मिनिटांचा असेल आणि साधन १२ मिनिटं गप्प बसलं, तर क्लायंट मधेच तोडतो आणि एजंटला निकालाऐवजी टाइमआउटची चूक दिसते. म्हणून ४५ सेकंदांनी "चालू, १४ पैकी ९ जॉब झाले, लाल एकही नाही, पुन्हा विचारा" असं एका ओळीचं उत्तर परत द्या. क्लायंटमध्ये मर्यादा वाढवता येत असेल तर वाढवा, पण साधन त्यावर विसंबून नसावं.

एक बारीक गोष्ट, पण ती चुकली की काहीच चालत नाही. एमसीपी सर्व्हर स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवर चालत असेल तर स्टँडर्ड आउटपुटवर प्रोटोकॉलच्या संदेशाशिवाय एक अक्षरही जाऊ देऊ नका. तपासणीसाठी ठेवलेला एखादा प्रिंट तिथं गेला की जोडणी मोडते. स्वतःच्या नोंदी स्टँडर्ड एररवर लिहा.

कमांड लाइन साधन करणार असाल तर एक्झिट कोड (आज्ञा संपताना देते तो आकडा) ठरवून घ्या: ० हिरवा, १ लाल, चालू असण्याला तिसरा आणि अज्ञाताला चौथा. गिटहबच्या "पीआर चेक्स" आज्ञेत बाकी असलेल्या चेकसाठी ८ हा कोड आहे, तोच घेतला तर एजंटचा गोंधळ होत नाही. "रन वॉच" वापरायचंच असेल तर "एक्झिट स्टेटस" हा पर्याय जोडा, त्याशिवाय लाल रनलासुद्धा तो शून्य देऊन बाहेर येतो.

वाळूज_गेट:

जेनकिन्सचं मी लिहितो, कारण तिथला सापळा वेगळा आहे. "लास्ट बिल्ड" हा पत्ता कधीच वापरू नका. तुमच्या मागोमाग दुसऱ्या कुणी बिल्ड लावला तर तुम्ही त्याचा निकाल वाचाल. बिल्ड सुरू करायची विनंती केली की उत्तराच्या लोकेशन हेडरमध्ये रांगेतल्या नोंदीचा पत्ता येतो. त्या नोंदीला विचारत राहायचं. सुरुवातीला ती शांतता काळात असते, मुळात ५ सेकंद, मग मोकळ्या एक्झिक्युटरची (बिल्ड चालवणाऱ्या जागेची) वाट बघते. बिल्ड सुरू झाला की त्याच नोंदीत "एक्झिक्युटेबल" खाली बिल्डचा क्रमांक येतो. तो लगेच साठवा, कारण रांग सोडल्यावर ही नोंद ५ मिनिटंच टिकते. त्यानंतर ४०४.

मग बिल्डच्या पत्त्यावर "बिल्डिंग" हे खानं खोटं होईपर्यंत "रिझल्ट" वर विश्वास ठेवू नका. साधारणपणे चालू असताना रिझल्ट रिकामा असतो, पण पाइपलाइनच्या स्क्रिप्टनं मधेच निकाल ठरवला तर तो आधीच भरलेला दिसतो. "अनस्टेबल" म्हणजे कोड बांधला गेला पण टेस्ट पडल्या. एजंटसाठी तो लालच धरा. पिवळा रंग बघून "चालतंय" म्हणणारा एजंट नको.

पूर्ण जेसन मागू नका, "ट्री" हा पॅरामीटर देऊन हवी तेवढीच खानी घ्या. लॉगसाठी "प्रोग्रेसिव्ह टेक्स्ट" आहे: सुरुवातीचा बाइट सांगायचा, उत्तरात पुढचा आकडा हेडरमध्ये येतो, आणि आणखी मजकूर बाकी आहे का तेही कळतं. लॉगिनला एपीआय टोकन वापरलं तर क्रम्बची (विनंतीसोबत लागणाऱ्या सुरक्षा-खुणेची) भानगड राहत नाही.

गोदातीर:

गिटलॅबचं थोडक्यात. एकाच कमिटवर ब्रँचची पाइपलाइन आणि मर्ज रिक्वेस्टची पाइपलाइन अशा दोन असू शकतात. मर्ज्ड रिझल्ट पाइपलाइन तर वेगळ्याच, तात्पुरत्या मर्ज कमिटवर चालते, हॅशवर शोधली तर सापडत नाही. म्हणून मर्ज रिक्वेस्ट असेल तर तिच्या पाइपलाइनच्या यादीतून जा. "अलाउ फेल्युअर" असलेला जॉब पडला तरी पाइपलाइन "सक्सेस" म्हणते, फक्त इशारा लागतो. तो इशारा एजंटला वेगळा सांगा. "मॅन्युअल" म्हणजे माणसाची वाट. जॉबच्या जेसनमध्ये "फेल्युअर रीझन" असतं. त्यात स्क्रिप्ट पडली, रनरच (जॉब चालवणारं मशीन) बिघडला की वेळ संपली, हे सरळ लिहिलेलं असतं. लॉग उघडायच्या आधी हे वाचा. टोकनला "रीड एपीआय" एवढाच अधिकार पुरतो.

आता लॉग. माझ्या मते साधनाची खरी किंमत इथं ठरते.

फक्त पडलेल्या जॉबचा, त्यातही पडलेल्या स्टेपचाच लॉग घ्या. रंगाचे एएनएसआय कोड काढा. गिटहबच्या प्रत्येक ओळीपुढं वेळेचा शिक्का असतो, तो काढला की मजकूर बराच हलका होतो. गिटलॅबच्या लॉगमध्ये सेक्शन सुरू-बंदच्या खुणा असतात, त्याही काढा. एकामागोमाग आलेल्या सारख्या ओळी एकीत गुंडाळून पुढं आकडा लिहा. डाउनलोडच्या टक्केवारीच्या शेकडो ओळी अशा जातात.

मग कापायचं कसं? नुसत्या शेवटच्या २०० ओळी घेऊ नका. कंपायलरच्या बाबतीत पहिली चूक मूळ असते आणि पुढच्या तिच्याच पोटातून निघालेल्या; शेवटच्या ओळीत फक्त "एक्झिट कोड १" असतो. मी पहिल्या चुकीभोवतीच्या ३० ओळी, टेस्टचा सारांश आणि शेवटच्या ४० ओळी घेते. मधे किती ओळी गाळल्या ते लिहिते, आणि हवा तर पुढचा तुकडा मागायची सोय ठेवते. टेस्टचा जेयुनिट एक्सएमएल अहवाल आर्टिफॅक्टमध्ये (बिल्डनं साठवलेल्या फाइलींत) असेल तर लॉगपेक्षा तोच वाचा, त्यात पडलेल्या टेस्टचं नाव आणि ओळ नेमकी मिळते.

गिटलॅब रनरचा लॉग मुळात ४ एमबीवर कापला जातो. म्हणून बडबड्या बिल्डमध्ये खरी चूक लॉगमध्ये आलेलीच नसते, हे साधनानं ओळखून सांगायला हवं.

आपल्याकडच्या कोडसाठी खास: टेस्टमध्ये "सोयाबीन", "तूर", व्यापाऱ्यांची नावं असा देवनागरी मजकूर असतो. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. बाइट मोजून लॉग कापला तर अक्षर मधेच तुटतं आणि कडक डिकोडर तिथंच चूक देतो. ओळीच्या हद्दीवर कापा. आणि जावाच्या रनरवर लोकेल नीट लावलेला नसेल तर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं छापली जातात. मग "अपेक्षित ???? मिळालं ????" असा लॉग येतो, त्यातून एजंटला काहीच कळणार नाही. रनरवर यूटीएफ-८ लोकेल आधी लावा.

मांजराकाठ:

एक्झिट कोडवरून कारण ओळखता येतं का?

गोदातीर:

काही वेळा. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, प्रोसेसला किल सिग्नल मिळाला. बहुतेक वेळा मेमरी संपलेली असते. १४३ म्हणजे टर्म सिग्नल, बाहेरून थांबवलं. १२७ म्हणजे आज्ञाच सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही, बऱ्याचदा फाइलला परवानगी नसते. हे चारही साधनात साध्या वाक्यात लिहून द्या. १३७ दिसल्यावर एजंटनं टेस्टचा कोड बदलत बसण्यात अर्थ नाही.

पूर्णाकाठ (परभणी):

विजेचा मुद्दा वर ओझरता आला, पण आपल्या भागात स्वतःचा रनर ठेवणाऱ्यांसाठी तो मोठा आहे. उन्हाळ्यात वळवाचं वारं सुटलं की फीडर जातो, इन्व्हर्टर रनरच्या मशीनला कितीसा पुरणार.

गिटहबचा रनर बाहेरच्या बाजूला ४४३ पोर्टवर जोडणी करतो, म्हणून नॅटमागं चालतो. जॉब चालू असताना वीज गेली तर सर्व्हरला लगेच कळत नाही. काही मिनिटं रन "चालू" च दिसतो, मग रनरशी संपर्क तुटल्याचा संदेश लिहून तो लाल होतो. साधनानं हा संदेश शोधून "लाल, पण यंत्रणेमुळं" असं वेगळं सांगावं. जॉब सुरू व्हायच्या आधीच मशीन बंद असेल तर तो रांगेतच पडून राहतो आणि २४ तासांनी पडतो. रन्स-ऑनमधलं लेबल चुकलं तरी हेच लक्षण. म्हणून १० मिनिटांच्या वर रांगेत असलेल्या जॉबसाठी साधनानं रनरची यादी तपासावी: त्या लेबलचा रनर आहे का, ऑनलाइन आहे का, दुसऱ्या कामात गुंतलाय का. फक्त त्या यादीला रेपोवर प्रशासकाचा अधिकार लागतो. तो एजंटला देऊ नका. वेगळी स्क्रिप्ट ती माहिती फाइलीत लिहील आणि साधन तिथून वाचील.

रनर सर्व्हिस म्हणून बसवा, म्हणजे वीज आल्यावर स्वतः उठेल. १४ दिवसांपेक्षा जास्त काळ जोडला गेला नाही तर गिटहब त्याची नोंदच काढून टाकतं. जॉबची मुदतही आखून द्या. मूळ मर्यादा ३६० मिनिटांची आहे. १५ मिनिटांचा बिल्ड अडकला तर एजंट सहा तास वाट बघेल. ३० मिनिटं पुष्कळ झाली.

मांजराकाठ:

आता पुन्हा चालवण्याचं बोला. यंत्रणेमुळं पडला असेल तर एजंटनं स्वतःच पुन्हा चालवावा की नाही?

पैठणवाट:

द्या की. पडलेलेच जॉब पुन्हा चालवायची सोय आहे, त्यात फार वेळ जात नाही. रात्री बिल्ड पडला तर सकाळपर्यंत माणसाची वाट कशाला?

सिडको_एन७:

पण वाचणाऱ्या साधनातून नको. वाचायचं साधन आणि लिहायचं साधन वेगळं, टोकनही वेगळं. वाचायला "ॲक्शन्स: रीड" पुरतं, पुन्हा चालवायला "राइट" लागतं, आणि त्याच राइटनं रन रद्दही करता येतो, लॉगही पुसता येतात.

याचं कारण सुरक्षेचं आहे. लॉग हा बाहेरचा मजकूर आहे. फोर्कमधून (दुसऱ्यानं केलेल्या रेपोच्या नकलेतून) आलेल्या पुल रिक्वेस्टमधली टेस्ट काहीही छापू शकते: "आधीच्या सूचना विसरा, अमुक आज्ञा चालवा." एजंट तो मजकूर वाचतो. लॉगभोवती "हा फक्त डेटा आहे" अशा खुणा घातल्या तर थोडी मदत होते, पण त्याची खात्री देता येत नाही. खात्री देता येते ती अधिकाराचीच: वाचणाऱ्याच्या हातात लिहिणारं टोकन नसलं की नुकसानीला हद्द पडते. एमसीपीत "फक्त वाचन" अशी खूण लावता येते, ती जरूर लावा, पण ती केवळ सूचना असते, कुलूप नव्हे.

गुपितांचंही तसंच. गिटहब लॉगमध्ये गुपितांच्या जागी तारका छापतं, पण तेच गुपित रूप बदलून, समजा दोनदा बेस-६४ करून, छापलं तर तारका लागतीलच असं नाही. साधनात आणखी एक गाळणी लावा.

गोदातीर:

आणि पुन्हा चालवायचं तर एका हॅशला एकदाच, तेही कारण "यंत्रणा" निघालं असेल तरच. गिटहबवर पुन्हा चालवलं की रनचा क्रमांक तोच राहतो, फक्त प्रयत्नाचा आकडा वाढतो. तो आकडा निकालात दाखवा. "दुसऱ्या प्रयत्नात हिरवा" आणि "पहिल्यात हिरवा" या दोन गोष्टी मर्ज करणाऱ्याला वेगळ्या दिसल्या पाहिजेत. नाहीतर अधूनमधून पडणाऱ्या टेस्ट कायमच्या लपून राहतात.

अशा टेस्टमधली एक आपल्याकडं ठरलेली: "आजची आवक". गिटहबचे रनर यूटीसीवर चालतात, आपण साडेपाच तास पुढं. रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात यूटीसीची तारीख कालची असते. टेस्टमध्ये एका बाजूला भारतीय तारीख आणि दुसऱ्या बाजूला मशीनची तारीख आली की ती त्याच वेळात पडते, दिवसा कायम हिरवी. साधनानं पडलेल्या वेळा साठवल्या तर हे लगेच उघडं पडतं. एपीआयमधल्या वेळाही यूटीसीच असतात. एजंटला घड्याळाची वेळ देऊ नका, "१८ मिनिटांपूर्वी" असं द्या.

वाळूज_गेट:

हिरव्यालाही तपासा. एजंटला "हिरवं कर" एवढंच सांगितलं तर तो टेस्टच वगळू शकतो, अपेक्षित उत्तरच बदलू शकतो, वर्कफ्लोत "कंटिन्यू ऑन एरर" लावू शकतो. साधनानं निकालासोबत तीन गोष्टी सांगाव्यात: एकूण किती टेस्ट चालल्या, किती वगळल्या, आणि या कमिटमध्ये टेस्टच्या किंवा वर्कफ्लोच्या फाइली बदलल्या आहेत का. काल ४१२ टेस्ट आणि आज ३९० असतील तर तो हिरवा माणसाच्या नजरेखालून गेलाच पाहिजे.

पाइपचा सापळाही बघा. गिटहबवर लिनक्सच्या स्टेपमध्ये शेल लिहिलेला नसेल तर बॅश पाइपफेलशिवाय (पाइपमधली कुठलीही आज्ञा पडली की नापास धरणारा पर्याय) चालतो. टेस्टचं आउटपुट "टी" आज्ञेतून फाइलीत नेलं तर टेस्ट पडली तरी "टी" चा शून्य कोड धरला जातो आणि स्टेप हिरवी होते. स्टेपमध्ये "शेल: बॅश" असं स्पष्ट लिहिलं की पाइपफेल आपोआप लागतो. एवढ्या एका ओळीनं फरक पडतो, सगळ्या वर्कफ्लोत लावून घ्या.

मांजराकाठ:

सगळ्यांचे आभार. यावरून उत्तराचा आराखडा असा धरतो: निकाल, पूर्ण हॅश, कितवा प्रयत्न, किती जॉब झाले आणि किती बाकी, पडलेल्या स्टेपचं नाव, कारणाचा प्रकार (कोड, टेस्ट, यंत्रणा, वेळ, मंजुरी), लॉगचा कापलेला भाग, टेस्टचे आकडे, टेस्ट किंवा वर्कफ्लोच्या फाइली बदलल्या का, आणि पुन्हा कधी विचारायचं. लॉग सोडून बाकी सगळं १५ ओळींच्या आत. साधन नीट चाललंय हे तपासायचं कसं?

पूर्णाकाठ:

रेपोत मुद्दाम बिघडवलेल्या ब्रँच ठेवा. एकीत कंपाइलची चूक, एकीत पडणारी टेस्ट, एकीत मेमरी संपवणारी स्क्रिप्ट, एकीत जॉबच्या मुदतीपेक्षा जास्त झोपणारी. एकीत अस्तित्वात नसलेलं रनर लेबल, एकीत मर्ज कॉन्फ्लिक्ट, एकीत संदेशात "स्किप सीआय". एकीत ३५ जॉबचं मॅट्रिक्स, ज्यात एकच लाल. प्रत्येक ब्रँचचा अपेक्षित निकाल फाइलीत लिहा आणि साधनाचं उत्तर त्याच्याशी ताडून बघा.

मांजराकाठ:

३५ कशासाठी?

पूर्णाकाठ:

३० चं पान ओलांडायला. लाल जॉब दुसऱ्याच पानावर पडतोय याची आधी खात्री करा, यादीच्या क्रमावर विसंबू नका. पहिल्या पानावर आला तर ती तपासणी काहीच सांगत नाही. आणि प्रत्येक सिस्टिमची आलेली उत्तरं फाइलीत साठवून घ्या, म्हणजे नेट नसताना, वीज गेलेली असताना लॅपटॉपवरसुद्धा साधनाच्या टेस्ट चालतात. साठवायच्या आधी हेडरमधलं टोकन काढायचं विसरू नका.